स्टँडवाल्याकडून मारुतीवाल्याला

गंगाधर, तुला पोचवून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी दवाखान्याचं शटर वर केलं, तर पहिलाच पेशंट म्हणाला, "डॉक्टर, आता तुमचीच चलती."

मी त्याचा ताप बघत होतो. थर्मामीटर त्याच्या काखेत, आणि तो हसून राहिला होता. मनात वाईट काही नव्हतं त्याच्या. गावात दोन डॉक्टर, त्यातला एक गेला, म्हणजे दुसऱ्याचं बरं झालं, एवढंच त्याचं डोकं चाललं. दुपारपर्यंत अजून दोघांनी तेच वेगळ्या शब्दांत सांगितलं. चौथी बाई जरा समजूतदार निघाली. ती म्हणाली, "गेलेल्या माणसावर राग धरू न्हाई, साहेब. सोडून द्या आता." मी म्हणालो, "बरं." दुसरं काय बोलणार? लोक वहिनींना भेटायला येतात, तुझ्या पोराच्या पाठीवर हात ठेवतात, तुझ्या कंपाउंडरलासुद्धा कुणीतरी बसवून चहा पाजतं. मला कोण विचारणार? मी तर तुझा दुश्मन. या गावात मला रडायचीसुद्धा सोय तू ठेवली नाहीस.

आपलं भांडण गावाला तोंडपाठ आहे. स्टँडवाला डॉक्टर म्हणजे मी, मारुतीवाला डॉक्टर म्हणजे तू. माझा दवाखाना बसस्टँडच्या मागं, तुझा मारुतीच्या देवळासमोर, मधे पाच मिनिटांची वाट, आणि तीस वर्षांत आपण एकमेकांची पायरी चढलो नाही. लग्नाच्या पंगतीत आपल्याला दोन टोकांना बसवायचे. एका सरपंचानं तर आपल्यात समेट करायला माणसं नेमली होती. चौघं माझ्याकडं आले, चौघं तुझ्याकडं गेले, आणि तू त्यांना म्हणालास, "आधी त्याला इंजेक्शन कुठं टोचायचं ते शिकून येऊ द्या, मग बघू." त्या रविवारी औंढ्याला मला हे सांगताना तू इतका हसलास की चहा अंगावर सांडला.

हे रविवारचं गावाला माहीत नाही. तुझ्या घरी वहिनींना माहीत होतं आणि माझ्या बायकोला, ती होती तोवर. बाकी कुणालाच नाही.

सुरुवातीची दोन वर्षं आपण खरंच भांडलो, ते मी नाकारत नाही. तू एमबीबीएस, सरकारी नोकरी सोडून गावात आलेला. मी बीएएमएस, तुझ्या आधी चार वर्षं बसलेला. मी अशक्तपणाला सलाईन लावायचो, कारण लोक मागायचे आणि नाही लावलं तर शेजारच्या गावाला जायचे. तू लावायचा नाहीस. वर भर चौकात म्हणालास, पाण्याच्या बाटलीनं ताकद येत असती तर विहिरीत पडलेला माणूस पैलवान होऊन वर आला असता. मीही गप बसलो नाही. शहरात चालला नाही म्हणून खेड्यात आला, असं ज्याला त्याला सांगत सुटलो. तुझी चूक नव्हती. सलाईनचं तर तुझंच बराबर होतं, हे मी तुला कधी तोंडानं म्हणालो नाही. आता म्हणतो, काय उपयोग?

मग कोंडाबाईच्या नवऱ्याचा खोकला आला. चार महिने तो खोकत होता, आणि चार महिने मी त्याला हिंगोलीला जाऊन थुंकी तपासून ये म्हणून सांगत होतो. तो ऐकेना. मी टीबीचं नाव काढलं म्हणून त्याला माझाच राग आला. माझी चिठ्ठी घेऊन तो तुझ्याकडं आला, मला खोटं पाडायला. तू चिठ्ठी वाचलीस, तोंड वाकडं केलंस आणि म्हणालास, "त्या स्टँडवाल्याला अक्कल न्हाई. पण हे एक बराबर लिहिलंय त्यानं." दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं तो माणूस हिंगोलीला. का तर, "दोघं एकमेकाचं तोंड बघत न्हाईत आन तरी एकच सांगून राहिले, म्हंजे खरंच असंल."

चार दिवसांनी कोंडाबाईनं ती चिठ्ठी माझ्याकडं परत आणली. मागच्या बाजूला तुझं अक्षर. "हे आपलं भांडण कामाचं आहे. मी रविवारी दुपारी औंढ्याला असतो. देवळाच्या मागं, गाड्या लागतात तिथल्या हॉटेलात."

मी एसटीनं आलो, तू जीपनं. परगावचे यात्रेकरू, त्यांची लेकरं, प्रसादाच्या पिशव्या. आपल्याला ओळखणारं कुणी नाही. चोरून भेटणाऱ्या पोरापोरीसारखे आपण दोघं कोपऱ्यात बसलो, आणि तू दोन चहा सांगून लगेच मुद्द्यावर आलास. लोक एकाची चिठ्ठी दुसऱ्याला दाखवतात. दाखवू दे. आपण मित्र आहोत असं कळलं तर म्हणतील, हे दोघं मिळालेले आहेत. दुश्मन आहोत असं वाटलं तर दोघांचंही ऐकतील. तेव्हा भांडण मोडायचं नाही. चिठ्ठी बराबर असली तर खालच्या कोपऱ्यात बरोबरची खूण करायची. खटकली तर नुसता ठिपका. ठिपका आला की दुसऱ्यानं पेशंटला परत बोलवायचं आणि नीट बघायचं. लोकांसमोर मात्र शिव्या चालू.

मला वाटलं होतं, चार महिने चालेल हे नाटक. अठ्ठावीस वर्षं चाललं. नांदेडला जा म्हणून मी सांगितलं की लोक तुझ्याकडं यायचे, तू माझी निंदा करून तेच सांगायचास, आणि माणूस गाडीत बसायचा. बाळंतपणं, ऑपरेशनं, डोळ्यांचे मोतीबिंदू, पोरांच्या लसी, सगळं आपल्या दुश्मनीवर पार पडलं. आणि शिव्या द्यायला तुला मजा यायची, हे कबूल कर. "त्याच्या हाताला गुण न्हाई, त्याच्या हाताला फक्त घाम हाय," हे वाक्य माझ्याकडं एका आठवड्यात सहा पेशंटांनी आणलं होतं.

आता तुझ्या न काढलेल्या ठिपक्याबद्दल बोलतो, ते बोलायचं राहिलंय.

ती अकरा वर्षांची पोरगी आठवते? उलट्या, पोटात दुखणं, दोन दिवस जेवण नाही. मी पोट दाबून बघितलं, पित्ताचं औषध लिहिलं आणि पुढच्या पेशंटकडं वळलो. बाप तिला घेऊन तुझ्याकडं आला. तू चिठ्ठी बघितली की नाही कोण जाणे, पण तिच्या तोंडाजवळ वाकलास, श्वासाचा वास घेतलास आणि बोटातून रक्त काढून साखर बघितलीस. ठिपका करायला तुला वेळच नव्हता. तिला जीपमध्ये घातलीस आणि स्वतः नांदेडपर्यंत गेलास. ती वाचली. आज ती सेनगावकडं शाळेत शिकवते, रोज स्वतःच्या हातानं इन्सुलिन घेते.

मला हे मागून कळलं. वाटलं, आता गाव मला सोडत नाही. पण आठ दिवसांनी तो बाप नारळ घेऊन माझ्या दवाखान्यात आला आणि माझ्या पाया पडला. तू त्याला सांगितलं होतंस म्हणे, "त्या स्टँडवाल्याला शंका आली म्हणून तर त्यानं तुमाला माझ्याकडं येऊ दिलं. न्हाईतर तो कधी येऊ देतो का?" नारळ माझ्या हातात. मी तो घेतला, गंगाधर. परत केला नाही, खरं सांगितलं नाही, घेतला आणि टेबलावर ठेवला. त्या रविवारी औंढ्याला मी तोंड उघडणार, तर तू म्हणालास, "चहा गार होऊन राहिला." नंतर मी परत कधी तो विषय काढला नाही आणि तूही काढू दिला नाहीस. तुझे आभार मानायचे राहिले ते तुझ्याच आगाऊपणामुळं. मानतो आता, ऐकू येत असलं तर ऐक.

पण तुझ्यावर चिडायला मला कारणं कमी नाहीत. तू गेलास त्या दिवशी सकाळपासून छातीत दुखत होतं तुझ्या. कंपाउंडरनं सांगितलं मला. तू पित्ताची गोळी घेतलीस आणि पेशंट बघत बसलास. भादव्याचे दिवस, घरोघरी ताप, बाहेर रांग लागलेली. अरे, पाच मिनिटांवर मी बसलो होतो. एक चिठ्ठी पाठवायचीस. दुसऱ्याच्या पोरीचं पित्त तुला ओळखू आलं, स्वतःचं आलं नाही? मी असतो तर तुझ्या कागदावर एवढा मोठा ठिपका काढला असता की आरपार गेला असता. दुपारी तुझी जीप नांदेडच्या रस्त्याला लागली तेव्हा ती माझ्या दवाखान्यासमोरून गेली. मला वाटलं, कुणीतरी पेशंट असेल.

आणि त्याच्या आधीच्या रविवारचं ते भांडण. ते खरं भांडण होतं, अर्धंच राहिलं.

मी म्हणालो होतो, आपलं काम संपलं, गंगाधर. हृदयाला एक डॉक्टर, किडनीला एक, गुडघ्याला एक. त्यांच्या मोठ्या दवाखान्याची गाडी गावात येते, माणसं भरून नेते आणि आणून सोडते. शिबिरात एका दिवसात सगळ्या गावाचं रक्त काढतात. आता मोबाईलवर डॉक्टर दिसतो, तो दोन मिनिटांत गोळी सांगतो आणि पडदा काळा होतो. शिकलेली पोरं आपल्यासारख्यांना विचारतात, तुमी कशाचे डॉक्टर? कशाचे म्हणजे काय? तापाचे, खोकल्याचे, लेकरांचे, म्हाताऱ्यांचे, सासूवर चिडून जेवण सोडलेल्या सुनांचे. याला नाव नाही, म्हणून याला किंमत नाही. आपल्या खुर्चीवर बसायला कुणी तयार नाही. तुझा पोरगा कॉम्प्युटरमध्ये, माझा पुण्यात. शिकवलं आपणच, आता कुणावर डाफरायचं?

तू ऐकून घेतलंस आणि म्हणालास, "त्या पार्वतीबाईकडं पाच फायली हायत. पाच डॉक्टर, पाचही हुशार. तिघांनी बीपीची गोळी दिली, तीन नावांची. ती तिन्ही खात होती आणि चक्कर येऊन पडत होती. पाची फायली एका जागी ठेवून वाचणारा एक माणूस लागतो, शेषा. तेवढा तरी लागतोच."

"लागतो ना. कुठून आणायचा?" मी म्हणालो.

चहाचा कप फिरवत बसलास. मग एकदम म्हणालास, "एकदा घरी ये जेवायला. उघड. दिवसाढवळ्या, पुढच्या दारानं."

मी म्हणालो, "दिवाळीनंतर बघू."

ते मी का म्हणालो, ते सांगतो. दिवाळीनंतर मी या गावात असणार नव्हतो. पोरानं पुण्यात माझ्यासाठी खोली रंगवून ठेवली होती. दवाखाना बंद करायचं मी पोळ्यालाच ठरवलं होतं आणि तुला सांगायची हिंमत होत नव्हती. मी गेलो की तू एकटा पडणार, तुझ्या चिठ्ठ्या बघायला कुणी नाही. दर रविवारी मी ठरवून यायचो की आज सांगायचं, आणि तसाच परत एसटीत बसायचो.

जेवणाचं अजून एक आहे. आपण एकमेकांकडं जेवत नाही याचं कारण गावानं आपल्याला कधी विचारलंच नाही. तू बौद्ध घरातला, मी देशमुखाचा. लोकांनी परस्पर समजून घेतलं की मी त्यापायी तुझ्या घरी जात नाही. काहींना तर ते आवडलं. आपलं नाटक इतकं खरं वाटलं ते त्यामुळंच, हे आपल्या दोघांनाही माहीत होतं, आणि अठ्ठावीस वर्षांत एकदाही आपण त्यावर बोललो नाही. तुला ते सहन करावं लागलं, मला नुसतं चालवून घ्यावं लागलं. या दोन्हीत फरक आहे. तू जेवायला बोलावलंस तेव्हा तू ते मोडायचं म्हणत होतास, आणि मी म्हणालो, बघू. लाज वाटते मला.

तुझ्या जलदान विधीला मी मंडपात शेवटच्या ओळीत बसलो. बुद्धवंदना झाली. मग लोक उठून दोन दोन शब्द बोलायला लागले. कुणीतरी माइकवरून म्हणालं, डॉक्टर शेषराव इथं आलेत, हा त्यांचा मोठेपणा आहे. सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. मला बोला म्हणाले. मी उठलो आणि "ते चांगले डॉक्टर होते" म्हणून खाली बसलो. परक्या माणसासारखा. तू ऐकलं असतंस तर त्यावर एक वर्ष चिडवलं असतंस.

माणसं पांगल्यावर वहिनींनी मला आतल्या खोलीत बोलावलं. म्हणाल्या, "भाऊजी, एक सांगायचं होतं. हे दिवाळीनंतर दवाखाना बंद करणार होते. पोराकडं जाऊ म्हणत होते, थकलो म्हणायचे. पण तुमाला सांगायची तकलीफ होत होती त्यांना. शेषा एकटा पडंल म्हणायचे. जेवायला बोलावतो आन सांगतो, असं ठरलं होतं."

मी भिंतीला टेकलो. वहिनींना वाटलं, मला चक्कर आली. मला राग आला होता, गंगाधर. तुझा, माझा, दोघांचा. एक गाव, दोन डॉक्टर, दोघांनी एकाच दिवाळीला पळून जायचं ठरवलेलं, दोघंही दुसऱ्याच्या जिवावर निश्चिंत. मनात काय, तर मी गेलो तरी तो आहेच. आयुष्यभर एकमेकांच्या चिठ्ठ्या तपासल्या आणि ही एक गोष्ट एकमेकांना दाखवली नाही. एका शब्दानं बोललो असतो तर निदान आळीपाळीनं गेलो असतो.

मग तुझे पेशंट आले. सगळेच्या सगळे. तू काही लिहून ठेवायचा नाहीस, सगळं डोक्यात. कुणाला कोणती गोळी सोसत नाही, कुणाची आई साखरेनं गेली, कुणाचं लेकरू कितव्या महिन्यात झालं. लोक येऊन म्हणतात, "ती पांढरी गोळी द्या, मारुतीवाले द्यायचे ती." पांढऱ्या गोळ्या माझ्याकडं कपाटभर आहेत. मी किती वेळा म्हणालो होतो तुला, वही कर, वही कर. तू म्हणायचास, वही वाचायला कोण येणार आहे? मी आलो असतो ना.

गेल्या आठवड्यात किसनराव आले. म्हातारे, तुझे जुने पेशंट, गुडघे धरून. माझा सकाळपासून श्वास घ्यायला वेळ नव्हता. मी दुखण्याची गोळी लिहिली, दिवसातून दोनदा, पंधरा दिवस. ते निघून गेले. तासाभरानं उपकेंद्रातली शीतल माझ्या दवाखान्यात आली, हातात माझी चिठ्ठी आणि मागं किसनराव.

शीतलला तू ओळखतोस. बाहेरगावची पोरगी, डॉक्टर आहे, पण सरकारनं कंत्राटावर उपकेंद्रात बसवली म्हणून गाव तिला सिस्टर म्हणतं. किसनराव सवयीनं चिठ्ठी घेऊन दुसरा डॉक्टर शोधत निघाले होते. तू नाहीस म्हणून ते तिच्याकडं गेले. तिनं त्यांच्या पिशवीतली जुनी कागदं काढून वाचली.

भरल्या दवाखान्यात ती मला म्हणाली, "सर, यांची किडनी अर्धी गेलेली हाय. नांदेडचा रिपोर्ट हाय यांच्या पिशवीत. ही गोळी काहून लिहिली तुमी?"

आणि मी काय करावं? अठ्ठावीस वर्षांची सवय. मी ओरडलो, "तू मला शिकवणार का आता? कालची पोरगी तू."

तिचं तोंड लाल झालं, पण ती हलली नाही. "शिकवत न्हाई सर. पण ही गोळी मी यांना खाऊ देणार न्हाई." तिनं चिठ्ठीवर एक रेघ मारली, किसनरावांना हाताला धरलं आणि घेऊन गेली.

रांगेत बसलेली कोंडाबाई शेजारणीला म्हणाली, "पोरगी बराबर बोलून राहिली." दुसऱ्या दिवशी माझ्या तीन चिठ्ठ्या उपकेंद्रात पोचल्या. माझाच पेशंट मला सांगत होता, "सिस्टरला दाखवून आलो, डॉक्टर. ती म्हणे, हे चालतंय." तू गेल्यापासून त्या दिवशी मला पहिल्यांदा नीट जेवण गेलं.

काल दुपारी मी उपकेंद्रात गेलो. ती एकटी बसून टॅबवर नावं भरत होती. मला बघून उठली, चेहरा अजून फुगलेला. मी म्हणालो, "बाळ, त्या दिवशी तू बराबर होतीस. मी चुकलो. मरता मरता वाचले ते किसनराव." ती परत टॅबवर बोट फिरवायला लागली. मी म्हणालो, "आता असंच भांडत जा माझ्याशी. लोकांसमोर. मीही ओरडत जाईन."

"काहून सर?"

मग मी तिला सगळं सांगितलं. कोंडाबाईचा नवरा, औंढ्याचं हॉटेल, ठिपका. तिनं टॅब खाली ठेवला. "मारुतीवाले सर आन तुमी?" म्हणाली आणि हसायला लागली. मग हसायची थांबली. म्हणाली, "सर, पण मी मार्चपर्यंतच हाय. पुढच्या शिक्षणाचा फॉर्म भरलाय. घरचे म्हणतात, इथं बसून तुझं काय होणार?"

तिला मी काय सांगू, थांब म्हणून? माझ्या पोराला मी थांब म्हणालो नव्हतो. मी म्हणालो, "मग मार्चपर्यंत भांडू." आणि तिच्यासमोरच पुण्याला फोन लावला. पोरगा म्हणाला, "बाबा, खोलीचं काय?" मी म्हणालो, "राहू दे रंगवलेली."

फोन ठेवला तर ती म्हणाली, "सर, बसा जरा, बीपी बघते तुमचं." बीपी वाढलेलं होतं. तिनं गोळी लिहून दिली. चिठ्ठी हातात घेऊन मी बाहेर पडलो, आणि माझे पाय स्टँडकडं जायचे सोडून मारुतीकडं वळले. मला कळलंसुद्धा नाही. चिठ्ठी पुढं करून तुझ्या पायरीवर चढलो आणि शटर बघून थांबलो.

किसनराव देवळाच्या ओट्यावर बसले होते. म्हणाले, "डॉक्टर, बंद हाय ते."

"माहीत हाय," मी म्हणालो. "मित्र होता माझा."

त्यांनी माझ्याकडं बघितलं, शटरकडं बघितलं. ओट्यावरची बाकीची माणसंही बघायला लागली. "मंग इतकी वर्सं भांडलात काहून?"

"भांडलो न्हाई, किसनराव. नुसतं दाखवत होतो. तुमी दोघांचं ऐकावं म्हणून."

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "तुमी बी पुण्याला चालले म्हणतात आता लोक."

"मार्चपर्यंत हाय मी. उपकेंद्रातली पोरगी बी हाय तवर."

"आन मंग?"

"मंगचं मला माहीत न्हाई."

त्यांनी गुडघा चोळला. साध्या आवाजात, जणू रोजची एसटी विचारावी तसं त्यांनी विचारलं, "मंग आमी दाखवावं कोणाला?"

मी काय सांगू त्यांना, गंगाधर? तू तरी काय सांगितलं असतंस? मी तिथंच तुझ्या पायरीवर बसलो आणि भर दुपारी, सगळ्या गावासमोर, ढसाढसा रडलो. किसनराव ओट्यावरून उठले, सावकाश माझ्याजवळ आले आणि त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.